दोन ग्राफिक्स चिप, एक जुनं सॉफ्टवेअर: काळ्या खिडकीचा माग कसा काढायचा

सॉफ्टवेअर उघडतं, मेनू दिसतात, फाइलही लोड होते. फक्त मधली थ्रीडी खिडकी काळीच राहते. कधी पांढरी. कधी मॉडेल दिसतं, पण माउसने फिरवायला गेलं की अडखळत, तुटक-तुटक फिरतं. लॅपटॉप नवा, आत गेमिंगचं कार्ड. सॉफ्टवेअर मात्र २००७-०८ सालचं, जे तेव्हाच्या साध्यासुध्या डेस्कटॉपवर निमूट चालायचं. "दादा, एवढं भारी कार्ड असून हे का चालून नाही राहिलं?" हा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त आहे.

नागपुरात तो विचारणारे साधारण तीन गोटांतले. पहिले, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं. कॉलेजच्या लॅबमध्ये जी आवृत्ती आहे तिच्यातच प्रोजेक्ट करायचा असतो. दुसरे, खाण, भूजल, हवेचं प्रदूषण अशी कामं घेणारे सल्लागार. एकदाच पैसे भरून घेतलेलं कायमचं लायसन्स सोडून दर वर्षी भाडं भरणं त्यांना परवडत नाही, आणि परवडलं तरी पटत नाही. तिसरे, विमान आणि रेल्वे सिम्युलेटरचे शौकीन. या शहरात रेल्वेचे शौकीन कमी नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

तिघांनाही दुकानात मिळणारा उपाय बहुधा एकच: विंडोज नव्याने टाका, ड्रायव्हर (विंडोज आणि चिप यांच्यातला दुवा असलेला प्रोग्रॅम) नवा टाका. पैसे जातात, लायसन्स पुन्हा सुरू करून घेण्याची कटकट मागे लागते आणि खिडकी काळीच राहते. माझं सांगणं उलट आहे. ड्रायव्हरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी दोन प्रश्नांची उत्तरं मिळवायची: चित्र सध्या कोणती चिप काढते आहे, आणि सॉफ्टवेअर त्या चिपशी कोणत्या भाषेत बोलतं आहे. ही दोन उत्तरं हातात आली की पुढे काय बदलायचं हे बऱ्याचदा आपोआप ठरतं. आणि नेहमीच भारी चिपकडे जायचं असतं, असंही नाही.

आत काय चाललेलं असतं

एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाची व्यवस्था आणली. एएमडीचीही तशीच व्यवस्था आहे. यात लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. एक प्रोसेसरच्या पोटातली, कमी वीज खाणारी. दुसरी वेगळी, ताकदवान. बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याची तार फक्त पहिल्या चिपला जोडलेली असते. ताकदवान चिपने चित्र काढलं तरी ते तयार चित्र पोटातल्या चिपच्या मेमरीत उतरवावं लागतं आणि तिथून पडद्यावर जातं. पंगतीत वाढपी एकच आणि आत आचारी दोन, असा हा कारभार आहे: भाजी कोणीही करो, पानात पडते ती त्या एकाच्याच हातून.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. "इंटेलचं ग्राफिक्स डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा, मग एनव्हिडियावरच चालेल" हा सल्ला सर्रास दिला जातो. अशा लॅपटॉपवर तो चुकीचा आहे. इंटेल बंद केलं की पडदा मायक्रोसॉफ्टच्या बेसिक डिस्प्ले अडॅप्टरवर जातो, ज्याला थ्रीडी चित्र चिपच्या बळावर काढता येत नाही, आणि एनव्हिडियाला चित्र पोचवायला वाटच उरत नाही. कोणी तसं करून ठेवलं असेल तर आधी ते परत सुरू करा.

काही गेमिंग आणि वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये मात्र पडद्याची तार एका चिपवरून दुसरीकडे वळवणारा स्विच असतो. त्याला मक्स म्हणतात. बायोसमध्ये किंवा कंपनीच्या स्वतःच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये 'हायब्रिड' आणि 'डिस्क्रीट' असे पर्याय दिसले तर तुमच्याकडे तो आहे. 'डिस्क्रीट' निवडून रीस्टार्ट करा. पुढची निम्मी कटकट वाचू शकते. बॅटरी लवकर संपेल, तेवढं चालवून घ्यायचं.

मक्स नसेल तर कोणत्या प्रोग्रॅमला कोणती चिप द्यायची हे ड्रायव्हर आणि विंडोज मिळून ठरवतात. ड्रायव्हरकडे ओळखीच्या प्रोग्रॅमची यादी असते. नव्या प्रोग्रॅमचे लेखक आपल्या मुख्य फाइलमध्येच "मला ताकदवान चिप द्या" अशी खूण घालून ठेवतात. २००८ सालच्या प्रोग्रॅमच्या लेखकाला ही व्यवस्था पुढे येणार हेच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यात ती खूण नसते. कॉलेजांत चालणारं किंवा छोट्या कंपनीचं खास सॉफ्टवेअर ड्रायव्हरच्या यादीत असेलच असंही नाही. मग त्याच्या वाट्याला कमी विजेची चिप येते, आणि तिचा नवा ड्रायव्हर जुन्या पद्धतीच्या मागण्या पुऱ्या करेलच याची खात्री नसते.

हात लावण्याआधी

चार्जर लावा. बॅटरीवर असताना दोन्ही चिपांचा वेग कमी केलेला असू शकतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

लॅपटॉपसमोर प्रत्यक्ष बसा. रिमोट डेस्कटॉपवरून तपासत असाल तर ओपनजीएल (चिपशी बोलण्याची एक भाषा) वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला कित्येकदा खरी चिप दिसतच नाही आणि तुम्ही नसलेल्या आजाराच्या मागे लागता.

सिस्टिम रिस्टोर पॉइंट बनवा, म्हणजे बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेता येईल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेली गोष्ट वहीत लिहा. पाच सेटिंग एकदम बदलून "चाललं" म्हणणाऱ्याला पुढच्या विंडोज अपडेटनंतर काय परत करायचं ते आठवत नाही.

आणि आपल्याकडचा खास मुद्दा, ऊन. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दुपारी वरच्या मजल्याच्या खोलीत पलंगावर ठेवलेला लॅपटॉप तापला की चिप स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. चित्र सुरुवातीला नीट चालतं आणि काही मिनिटांनी अडखळू लागतं, किंवा पहाटे सुरळीत असतं आणि दुपारी नाही, तर तो सुसंगतीचा प्रश्न नाही. तो पंख्याचा, धुळीचा आणि हवेचा प्रश्न आहे. लॅपटॉप टणक टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उचला, वर्षानुवर्षं उघडला नसेल तर आतली धूळ साफ करून घ्या. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. त्या हवेत पाण्याचा अंश असतो आणि तो आत ओढून घेण्यासाठीच लॅपटॉपचा पंखा फिरत असतो.

पहिला प्रश्न: चित्र कोण काढतंय?

सॉफ्टवेअर सुरू करा, मॉडेल उघडा आणि ते माउसने फिरवत राहा. मग टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ अशा दोन नोंदी दिसतील. जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिप. कोणता क्रमांक कोणत्या चिपचा ते तिथे उजवीकडे वर लिहिलेलं असतं. आता 'प्रोसेसेस'मध्ये या, स्तंभांच्या मथळ्यावर उजवं क्लिक करून 'जीपीयू इंजिन' हा स्तंभ चालू करा. तुमच्या प्रोग्रॅमच्या ओळीत 'जीपीयू ० - थ्रीडी' किंवा 'जीपीयू १ - थ्रीडी' असं येईल. तेच उत्तर.

मॉडेल फिरत असतानाही तिथे काहीच आलं नाही आणि सीपीयूचा आकडा मात्र चढला, तर दोन्ही चिप रिकाम्या बसल्या आहेत आणि चित्र प्रोसेसर काढतो आहे. हे उत्तर फार मोलाचं आहे, पुढे कामाला येईल.

एनव्हिडियावाल्यांसाठी आणखी एक सोय आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या 'डेस्कटॉप' मेनूतून जीपीयूच्या हालचालीचं चिन्ह घड्याळाशेजारी आणता येतं. त्यावर क्लिक केलं की सध्या त्या चिपवर कोणते प्रोग्रॅम चालू आहेत त्यांची नावं दिसतात.

याच वेळी आणखी एक काम उरका. टास्क मॅनेजरमध्ये त्या ओळीवर उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' घ्या आणि जी फाइल उघडी पडेल तिचा पत्ता लिहून ठेवा. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट ज्या फाइलकडे बोट दाखवतो ती आणि प्रत्यक्ष चित्र काढणारी फाइल या पुष्कळदा वेगळ्या असतात. मॅटलॅबचंच घ्या: 'बिन' फोल्डरमधली मॅटलॅब नावाची फाइल नुसती दार उघडणारी आहे, खरा प्रोग्रॅम त्याच्या आतल्या 'विन६४' फोल्डरमध्ये बसतो. जावावर बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढणारी फाइल जावाची असते, सॉफ्टवेअरच्या नावाची नसतेच. "सगळं सेटिंग केलं तरी फरक पडून नाही राहिला" असं म्हणणाऱ्यांच्या लॅपटॉपवर मला सर्वांत जास्त वेळा हेच सापडतं: सेटिंग बरोबर, फाइल चुकीची.

दुसरा प्रश्न: कोणत्या भाषेत?

जुनं अभियांत्रिकी सॉफ्टवेअर बहुधा ओपनजीएल वापरतं. सिम्युलेटर आणि खेळ बहुधा डायरेक्टएक्सच्या ७, ८ किंवा ९ या आवृत्त्या. आणखी जुनं असेल तर डायरेक्टड्रॉ. सोबतच्या माहितीपुस्तिकेत 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स'मध्ये हे लिहिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातला प्रोसेस एक्स्प्लोरर हा फुकट प्रोग्रॅम घ्या. त्यात तुमचा प्रोग्रॅम निवडून खालच्या खणात डीएलएल फाइलींची (प्रोग्रॅमने वापरायला घेतलेल्या साहाय्यक फाइलींची) यादी आणा.

यादीत ओपनजीएल३२ दिसली आणि सोबत 'एनव्हीओजीएल'ने सुरू होणारी फाइल असेल, तर ओपनजीएल एनव्हिडियाकडून चाललं आहे. 'आयजी'ने सुरू होणारी आणि नावात 'आयसीडी' असलेली फाइल असेल, तर इंटेलकडून. ओपनजीएल३२ आहे पण चिपवाल्या कंपनीची कोणतीच फाइल नाही, तर विंडोजच्या स्वतःच्या जुनाट ओपनजीएलवर गाडी चालली आहे. डी३डी९, डी३डी८ किंवा डीड्रॉ दिसली तर डायरेक्टएक्स.

कित्येक प्रोग्रॅम स्वतःच हे सांगतात. 'हेल्प' मेनूतल्या 'अबाउट' किंवा 'सिस्टिम इन्फो'मध्ये पाहा. तिथे रेंडरर (चित्र काढणारा) म्हणून 'जीडीआय जेनेरिक', कंपनी म्हणून 'मायक्रोसॉफ्ट' आणि ओपनजीएलची आवृत्ती १.१ दिसली, तर निदान झालं. सॉफ्टवेअरला चिपच सापडलेली नाही. जुन्या मॅटलॅबमध्ये कमांड खिडकीत 'ओपनजीएल इन्फो' दिलं की हीच माहिती मिळते.

आता चिप नेमून द्या

विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून ही सोय विंडोजमध्येच आहे. 'सेटिंग्ज', मग 'सिस्टिम', मग 'डिस्प्ले', आणि खाली 'ग्राफिक्स'. 'ब्राउझ' करून मघाशी पत्ता लिहून ठेवलेली ती खरी फाइल जोडा. 'ऑप्शन्स'मध्ये तीन पर्याय येतात: विंडोजला ठरवू द्या, पॉवर सेव्हिंग, हाय परफॉर्मन्स. शेवटच्या दोन्ही पर्यायांखाली चिपचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचूनच निवडा.

एनव्हिडिया असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'च्या 'प्रोग्रॅम सेटिंग्ज'मध्येही तीच फाइल जोडून तीच चिप निवडा. दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं ठेवू नका. प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये त्याचा मागे राहिलेला एखादा तुकडा असेल तर तोही बंद करा आणि पुन्हा सुरू करा. चालू प्रोग्रॅमची चिप मध्येच बदलत नाही. मग जीपीयू इंजिनचा स्तंभ परत पाहा. चिप बदलली का? बदलली असेल आणि चित्रही आलं असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही.

चिप बदलली पण चित्र आलं नाही, तर उलट करून पाहा. 'पॉवर सेव्हिंग' निवडा. हे लोकांच्या गळी उतरत नाही, कारण भारी चिपचे पैसे मोजलेले असतात. पण काढलेलं चित्र एका चिपकडून दुसरीकडे उतरवण्याच्या वाटेवर जुने प्रोग्रॅम अडू शकतात, विशेषतः जे आपल्या खिडकीचा काही भाग साध्या द्विमितीय पद्धतीने आणि काही थ्रीडीने रंगवतात. साध्या चिपवर ही उतरवाउतरवी नसतेच. वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलला आजची पोटातली चिपही पुरून उरते.

एका बाबतीत मात्र ताकदवान चिपच घ्या. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने डायरेक्टएक्स ९ ला थेट आधार देणं सोडलं आहे. ती मागणी मायक्रोसॉफ्टच्या एका दुभाष्या थरातून डायरेक्टएक्स १२ मध्ये बदलली जाते. बरेचसे प्रोग्रॅम यातूनही चालतात, काही नाही. नव्या इंटेल लॅपटॉपवर डायरेक्टएक्स ९ चा सिम्युलेटर बिघडलेला दिसला तर आधी तो एनव्हिडियावर टाका.

एक छोटी युक्ती. काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट थेट ताकदवान चिपला जोडलेलं असतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'कॉन्फिगर सराउंड, फिझएक्स' या पानावर कोणता पडदा कोणत्या चिपला जोडलाय याचं चित्रच दिसतं. तसं असेल तर बाहेरचा मॉनिटर लावून त्यालाच मुख्य पडदा करा. मधली उतरवाउतरवी संपते.

ओपनजीएलवाल्यांसाठी

इथे निदानाचं सर्वांत चांगलं हत्यार म्हणजे सॉफ्टवेअर रेंडरिंग, म्हणजे चिपला बाजूला ठेवून प्रोसेसरकडून चित्र काढून घेणं. सॉलिडवर्क्समध्ये 'ऑप्शन्स'च्या 'परफॉर्मन्स' पानावर 'यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल' आहे. कोणतीही फाइल उघडी असेल तर ते दाबता येत नाही, म्हणून आधी सगळ्या फाइली बंद करा. कॉमसॉलच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये ग्राफिक्सखाली रेंडरिंगसाठी 'सॉफ्टवेअर' निवडता येतं. अबॅकस कमांडवरून सुरू करताना शेवटी वजा चिन्ह आणि 'मेसा' लिहायचं. जुन्या मॅटलॅबमध्ये कोणताही आलेख काढण्याआधी 'ओपनजीएल सॉफ्टवेअर' ही कमांड द्यायची. ऑटोकॅडमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद करायचं.

असं केल्यावर खिडकी भरली तर तुमची फाइल, लायसन्स आणि इन्स्टॉलेशन तिन्ही ठीक आहेत. दोष चिप आणि ड्रायव्हर यांच्या बोलण्यात आहे. अशातही खिडकी काळी राहिली तर ग्राफिक्सचा नाद सोडा आणि इन्स्टॉलेशन तपासा. ही एकच चाचणी दोन दिवस वाचवते. शिवाय प्रोजेक्ट परवा जमा करायचा असेल आणि मॉडेल आटोपशीर असेल, तर सॉफ्टवेअर रेंडरिंगवरच काम उरकून टाका. गणित सोडवण्याच्या वेगावर याने फारसा फरक पडत नाही. फक्त मॉडेल फिरवणं संथ होतं.

चिपवरच चालवायचं असेल तर एनव्हिडियाच्या प्रोग्रॅम सेटिंगमध्ये 'थ्रेडेड ऑप्टिमायझेशन' बंद करून पाहा. हे तंत्र ओपनजीएलची कामं अनेक धाग्यांत वाटतं आणि जुन्या प्रोग्रॅमना ते गृहीत नसतं. अँटिअलायझिंग (रेषांच्या कडा गुळगुळीत करणं) 'अ‍ॅप्लिकेशन कंट्रोल्ड' ठेवा. ड्रायव्हरने बळेच लादलेलं अँटिअलायझिंग निवडलेल्या रेषा आणि बिंदू गायब करू शकतं.

सुरू होताच कोसळणाऱ्या फार जुन्या प्रोग्रॅममागे एक मजेदार कारण असतं. ओपनजीएल सुरू होताना ड्रायव्हर आपल्याला काय काय येतं त्याची यादी एका लांब ओळीत देतो. १९९९-२००० च्या प्रोग्रॅमने त्या ओळीसाठी मोजकीच जागा राखलेली असते. आजच्या ड्रायव्हरची यादी त्या जागेत मावत नाही, उतू जाते आणि प्रोग्रॅम मरतो. एनव्हिडिया प्रोफाइल इन्स्पेक्टर या फुकट साधनात त्या प्रोग्रॅमपुरती ही यादी आखूड करण्याची सोय आहे.

शेवटचा उपाय मेसा, म्हणजे प्रोसेसरकडूनही ओपनजीएल चालवून घेऊ शकणारं मोफत सॉफ्टवेअर. ज्या प्रोग्रॅममध्ये सॉफ्टवेअर रेंडरिंगचं बटणच नाही, त्याच्या मुख्य फाइलशेजारी मेसा प्रकल्पाची ओपनजीएल३२ फाइल, तिच्या सोबतच्या फाइलींसह, ठेवायची. प्रोग्रॅम विंडोजची फाइल न घेता शेजारची घेतो आणि चित्र प्रोसेसर काढतो. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर फाइलही ३२ बिटचीच हवी. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमधली फाइल कधीही बदलू नका. आणि "हरवलेली डीएलएल इथून उतरवा" म्हणणाऱ्या जागांकडे फिरकूही नका. तिथून काय येईल याचा नेम नाही.

डायरेक्टएक्सवाल्यांसाठी

'डी३डीएक्स९' आणि पुढे आकडा अशा नावाची फाइल सापडत नाही, असा संदेश आला तर घाबरू नका. विंडोज ११ मध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी या जुन्या साहाय्यक फाइली त्यात नसतात. मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम टाका. तो नव्या डायरेक्टएक्सला धक्का लावत नाही, फक्त राहिलेल्या फाइली आणून ठेवतो. तसंच 'विंडोज फीचर्स'मध्ये 'लेगसी कम्पोनंट्स'खाली डायरेक्टप्ले आहे, तेही चालू करून ठेवा.

पुढची अडचण म्हणजे जुनी नोंद. फ्लाइट सिम्युलेटर एक्स आपल्या एफएसएक्स नावाच्या कॉन्फिगरेशन फाइलीत ग्राफिक्स कार्डाचं नाव लिहून ठेवतो. तुम्ही चिप बदलली तरी त्यात आधीच्या चिपची सेटिंग तशीच राहते. ती फाइल वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा'मधल्या 'रोमिंग' फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्टखाली असते. तिचं नाव बदला. पुढच्या वेळी सिम्युलेटर नवी बनवतो. हा नियम इतरांनाही लागू: चिप बदलल्यावर सॉफ्टवेअरची ग्राफिक्स सेटिंग्ज एकदा मुळावर आणायची.

काही जुने प्रोग्रॅम कार्डाची मेमरी किती आहे ते विचारतात आणि उत्तर लहान आकड्यातच येईल असं धरून चालतात. ४ किंवा ८ जीबीचा आकडा त्यांच्या खणात बसत नाही; तो ऋण होतो किंवा शून्य, आणि प्रोग्रॅम म्हणतो, "पुरेशी व्हिडिओ मेमरी नाही." भारी कार्डावर हा संदेश वाचून माणूस चक्रावतो.

यावर, आणि डायरेक्टएक्स ९ पर्यंतच्या बहुतेक दुखण्यांवर, डीजीव्हूडू२ हे उत्तम औषध आहे. तो जुन्या डायरेक्टड्रॉ आणि डायरेक्ट३डीच्या मागण्या डायरेक्टएक्स ११ किंवा १२ मध्ये बदलतो. त्याच्या फोल्डरमधून आपल्याला लागणारी डीएलएल (डायरेक्टएक्स ७ पर्यंत डीड्रॉ आणि डी३डीआयएमएम, पुढे डी३डी८ किंवा डी३डी९) घेऊन प्रोग्रॅमच्या मुख्य फाइलशेजारी ठेवा, कंट्रोल पॅनेलची फाइलही तिथेच ठेवून उघडा. त्यात कोणती चिप वापरायची ते निवडता येतं, म्हणजे दोन चिपांचा गोंधळही तिथेच मिटतो. व्हिडिओ मेमरी २५६ एमबीसारखी जुन्या काळाला साजेशी ठेवा. सुरुवातीला त्याचं बोधचिन्ह कोपऱ्यात दिसू द्या. ते दिसलं म्हणजे थर लागू झाला. दिसलं नाही म्हणजे डीएलएल चुकीच्या फोल्डरात किंवा चुकीच्या प्रकारची आहे. खात्री पटल्यावर बंद करा. प्रोग्रॅम 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असेल तर तिथे लिहायला विंडोज आडकाठी करतं. जुना सिम्युलेटर सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात बसवणं बरं.

मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर २००१ चा. भारतीय मार्ग आणि इंजिनं त्यासाठी हौशी मंडळींनी बनवली, म्हणून तो अजून लोकांच्या हार्डडिस्कवर टिकून आहे. त्याच्याशी झगडत बसण्यापेक्षा ओपन रेल्स हा मोफत प्रोग्रॅम घ्या. तो ट्रेन सिम्युलेटरचेच मार्ग आणि गाड्या वाचतो आणि आजच्या ग्राफिक्सवर चालतो. जुनं चालवण्याचा हट्ट मलाही आवडतो, पण इथे तो हट्ट मी करणार नाही.

चित्र येतं पण क्लिक भलतीकडेच लागतं

हा चिपचा दोष नाही, पडद्याच्या प्रमाणाचा आहे. नव्या लॅपटॉपचा पडदा दाट असतो आणि विंडोज सगळं १२५ किंवा १५० टक्के मोठं करून दाखवतं. जुन्या प्रोग्रॅमला हे कळत नाही. तुम्ही एका नोडवर क्लिक करता आणि निवडला जातो शेजारचा. मुख्य फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कम्पॅटिबिलिटी'त 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' उघडा, खालचा ओव्हरराइड चालू करा आणि 'अ‍ॅप्लिकेशन' निवडा. अक्षरं बारीक होतील, क्लिक मात्र बरोबर लागेल. अक्षरं फारच बारीक झाली तर 'सिस्टिम' करून पाहा. त्याच पानावर 'डिसेबल फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन्स' आहे, पूर्ण पडदाभर चालणाऱ्या सिम्युलेटरसाठी ते लावून बघण्यासारखं आहे.

पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो

ग्राफिक्स चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज तिला अडकलेली समजून ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. जुना प्रोग्रॅम मात्र तेवढ्यात कोसळतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदींत 'डिस्प्ले' आणि ४१०१ हा क्रमांक सापडला तर हेच झालंय. मोठं मॉडेल कमकुवत चिपवर असेल तर चिप बदला. चिप ताकदवान असूनही होत असेल तर आधी तापमान तपासा. दोन्ही ठीक असतील तरच रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या कोशातल्या) ग्राफिक्सड्रायव्हर्सखाली 'टीडीआरडिले' नावाचा ३२ बिटचा डीवर्ड (आकड्याची नोंद) बनवून दशमान पद्धतीत ८ किंवा १० लिहा आणि रीस्टार्ट करा. याहून मोठा आकडा ठेवू नका. चिप खरंच अडकली तर तेवढा वेळ गोठलेल्या पडद्यासमोर बसावं लागेल.

आता ड्रायव्हर

इथवर येऊनही खिडकी काळी असेल तर आता ड्रायव्हरची पाळी. अशा लॅपटॉपमध्ये दोन ड्रायव्हर एकमेकांशी जुळलेले असावे लागतात. म्हणून पहिली पसंती लॅपटॉपच्या कंपनीने तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी दिलेल्या जोडीला. त्यानंतर चिपवाल्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरला. आधी इंटेलचा किंवा एएमडीचा पोटातल्या चिपचा ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, मग वेगळ्या चिपचा.

जुने अवशेष काढायचे असतील तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे साधन सेफ मोडमध्ये चालवा. त्याआधी दोन्ही ड्रायव्हर उतरवून ठेवा आणि इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मध्ये आपल्या मर्जीचा ड्रायव्हर घुसवतं. एखाद्या जुन्या ड्रायव्हरवरच तुमचं सॉफ्टवेअर चालतं असं दिसलं, तर त्याची इन्स्टॉलरची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा.

काहीच जमलं नाही तर

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा, आभासी संगणक. त्यासाठीचं व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी फुकट आहे. त्यात विंडोज ७ बसवून सॉफ्टवेअर टाकलं की त्याला दोन चिप दिसतच नाहीत. दिसतं ते व्हीएमवेअरचं एकच आभासी कार्ड. बाहेरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ विंडोजमध्ये चिप नेमायची ती व्हीएमवेअरच्या फाइलला, आतल्या सॉफ्टवेअरला नाही. त्यासाठीही पत्ता टास्क मॅनेजरमधूनच घ्या, कारण तिथेही समोर दिसणारी खिडकी आणि प्रत्यक्ष मशीन चालवणारी फाइल वेगवेगळ्या आहेत. आतल्या विंडोज ७ ला इंटरनेट देऊ नका. फाइलींची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधून करा.

सल्लागार मंडळींसाठी एक सूचना. आभासी मशीनवर चालवायला तुमचं लायसन्स परवानगी देतं का, ते आधी वाचून घ्या. देत असेल आणि ते नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला (त्याच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं असेल, तर हे मशीन पुढे दुसऱ्या लॅपटॉपवर हलवताना व्हीएमवेअर विचारेल की तुम्ही ते हलवलं की त्याची प्रत केली. 'हलवलं' निवडा. 'प्रत' निवडली की मॅक पत्ता बदलतो आणि लायसन्स बंद पडतं.